लाइबोल्डबाईंना नाही म्हणायचं

६ फेब्रुवारी

दोन्हीकडून मुलाखतीचं बोलावणं! एकाच दिवशी! येनाच्या कोर्टाची मेल दुपारी आली, आणि संध्याकाळी मी कुकर लावत होते तेव्हा तिची.

तिची म्हणजे लाइबोल्डची. फ्राऊ डॉक्टर लाइबोल्ड, कामगार कोर्टातली न्यायाधीश. आता बढती मिळून वरच्या कोर्टात बसते. मी नववीत होते तेव्हा खालच्या कोर्टात बसायची, आणि तिथे बसून तिनं माझ्या बाबांची वाट लावली.

इथे खरं लिहून ठेवते, बाकी कुणाला सांगणार नाही. मला तिच्या हाताखालची नोकरी नकोय. पण ती मला मिळाली पाहिजे! तिनं मला निवडलं पाहिजे, ‘या’ म्हटलं पाहिजे. आणि मग मी तिच्या खोलीत, तिच्या समोर उभी राहून म्हणणार — नाही. नको. ठेवा तुमच्याकडेच.

बाबांना तेव्हा जो शब्द तोंडातून काढता आला नाही, तो मी काढणार. उट्टं काढायचं तर असं!

या नादात शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही. भाताचा गिचका झाला. तसाच खाल्ला, तूप घालून. मस्त लागला.

८ फेब्रुवारी

सगळं एकदा सरळ लिहून काढते. म्हणजे ऐनवेळी पाघळायला नको.

बाबा — प्रताप टिपणीस — ब्रेक टेस्टिंगमधले इंजिनिअर. गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी एक फर्म, त्यांनीच पुण्याहून इथे, जर्मनीत स्टुटगार्टला आणलं आम्हाला. मंदी आली, फर्मनं माणसं काढली. बाबांना काढलं, आणि ज्या पोराला बाबांनी हाताला धरून काम शिकवलं त्याला ठेवलं. इथल्या कायद्यात हे चालत नाही. नोकरी किती वर्षांची, वय काय, पदरी मुलं किती, हे बघावंच लागतं. बाबांची केस इतकी पक्की होती की पहिल्या सेमिस्टरच्या पोरानंही जिंकून दिली असती.

बाबा कोर्टात गेले. वकील नाही, सोबत फक्त आई. इथे आधी समेटाची तारीख असते, ग्यूटेटर्मिन म्हणतात. न्यायाधीश एकटाच बसतो आणि दोन्ही बाजूंना म्हणतो, मिटवा की! लाइबोल्डनं तेच केलं. थोडी रक्कम घ्या, नोकरी सोडा, विषय संपला. टिपणीस, मान्य? आणि बाबा म्हणाले, ‘हो.’

का? तर समोर जज्ज! आमचे बाबा डॉक्टरला नाही म्हणत नाहीत, शेजारणीला नाही म्हणत नाहीत. दारावर इंटरनेट विकायला येणाऱ्यालाही नाही म्हणत नाहीत — एका हिवाळ्यात आमच्याकडे तीन कंपन्यांचं इंटरनेट होतं! ते जज्जबाईंच्या तोंडावर काय नाही म्हणणार?

हे सगळं मला आईनं सांगितलेलं. ती मागच्या बाकावर बसली होती. ‘त्या बाईनं चहा गार व्हायच्या आत आपला संसार विस्कटला’ — हे तिचं वाक्य. पोळ्या लाटताना, एस-बानच्या लोकलमध्ये, गणपतीची आरती संपल्या संपल्या, कुठेही! या वाक्यावर मी वाढले. कायदा शिकले तीही त्याच्याच जोरावर. कोर्टाचे कागद बघू म्हणून एकदा मागितले होते. आई म्हणाली, घर बदललं त्यात गेले.

बाबा त्यानंतर एजन्सीतर्फे फिरत राहिले. कधी झिंडेलफिंगन, कधी उल्म. प्रत्येक ठिकाणी पाहुण्यासारखे. स्वतःची खुर्ची परत मिळालीच नाही. कोर्टाबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘बाई सभ्य होत्या गं. उठून हात मिळवला.’

सभ्य! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

१० फेब्रुवारी

आरशासमोर नाही म्हणायचा सराव. ‘नाइन, फ्राऊ डॉक्टर लाइबोल्ड. डांके.’

डांके काढून टाकलं. आभार कसले मानायचे!

१३ फेब्रुवारी

वल्लरीला दोन्ही नोकऱ्यांबद्दल सांगितलं. (सुडाचं नाही सांगितलं.) आम्ही दोघी हेसलाखला एकाच फ्लॅटमध्ये राहतो, ती सॉफ्टवेअरमध्ये. कायद्यातलं तिला ओ की ठो कळत नाही, म्हणून तिच्याशी बोलायला बरं.

‘फरक सांग. थोडक्यात. माझा कॉल आहे.’

येनाला कोर्टाची स्वतःची एक कचेरी आहे. आत कायदा शिकलेली माणसं बसलेली. सगळ्या न्यायाधीशांची कामं तिथे येतात. फाइल वाचायची, कायदा काय म्हणतो ते लिहायचं, पुढे पाठवायचं. त्याचं पुढे काय झालं हे बऱ्याचदा कळतही नाही. पण जागा कायमची. इथली, लाइबोल्डकडची जागा म्हणजे एक नवा प्रयोग आहे. एक न्यायाधीश, तिला एक मदतनीस. तिच्याच केसेस, तिच्याच शेजारची खोली, तिच्याशीच दिवसभर बोलायचं. दोन वर्षं. मग टाटा.

‘अच्छा, म्हणजे येना म्हणजे मेस. आणि इथलं म्हणजे एका बाईच्या हाताखाली तिच्या घरच्या स्वयंपाकघरात,’ वल्लरी म्हणाली. ‘मेस बरी गं, पगार चुकत नाही. पण स्वयंपाक शिकायचाय का तुला? मग बाई खडूस असली तरी तिच्याकडेच जा.’

खडूस हे तिनं आपलं सहज म्हटलं. तिला काय माहीत!

१८ फेब्रुवारी

येना. जाताना गाडी चुकली, पुढची उशिरा आली, तरी तिथे कुणी कपाळाला आठी घातली नाही. कचेरीची प्रमुख बाई मला घेऊन सगळीकडे हिंडली. खिडकीत कुंड्या. खिडकीबाहेर डोंगर. कुणाचा तरी वाढदिवस होता, मलाही केकचा तुकडा मिळाला. खसखशीचा. सगळे हळू बोलतात.

चांगली माणसं आहेत. इथे मी सुखानं म्हातारी होईन. पण इथे राग कुणावर धरायचा?

२४ फेब्रुवारी

भेटले. तिला.

माझ्या डोक्यात ती उंच होती. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागते. करडे केस, गळ्यात दोरीला चष्मा, पायात घरात घालतात तसल्या चपला. कोर्टात! खोलीभर फाइली, खुर्चीवरची फाइल उचलून मला बसायला जागा केली.

‘फ्राऊ टिपणीस.’ नीट म्हणाली. इथे लोक आमच्या आडनावाचं काय काय करतात! आणि एवढं नीट नाव घेऊनही चेहरा ढिम्म. काही म्हणजे काही नाही. तिला आठवतच नाहीये! पंधरा वर्षं आम्ही रोज तिचं नाव जपतोय, आणि बाईंच्या गावीही नाही. हे तर मी धरलंच नव्हतं. इतकी भडकले!

‘माझे निकाल वाचलेत?’

‘सगळे,’ म्हटलं. खरंच सगळे वाचलेत! चुका शोधायला.

‘मग सगळ्यात वाईट कुठला?’

असं कुणी विचारतं का मुलाखतीत? सांगून टाकला. रात्रपाळीच्या भत्त्याचा. कुठे घसरलाय तेही सांगितलं, जरा चढ्या आवाजात. तिनं चष्मा लावला, ऐकलं. ‘गेनाऊ, अगदी बरोबर,’ म्हणाली. ‘माझ्या वरच्यांनी तो फिरवला, आणि बरं केलं.’

मी बोचकारायला गेले आणि ही म्हणते गेनाऊ! आता या बाईला लागतं तरी कशानं?

२ मार्च

त्सुफेनहाउझेनला, आई-बाबांकडे जेवायला. आमटी, बटाट्याची भाजी, गरम पोळ्या. सांगून टाकलं की दुसरा अर्ज लाइबोल्डकडे आहे.

बाबांचा घास हातातच राहिला. ‘लाइबोल्डबाई? आपल्या? अरे वा!’ वर आणखी, ‘शिकशील हं त्यांच्याकडे.’ अरे वा! मी मान खाली घालून आमटी ओरपली, नाहीतर काहीतरी बोलले असते.

आई मात्र लाटणं आपटून बाहेर आली. ‘त्या बाईच्या दारात उभी राहिलीस तू? लाज नाही वाटली? येना घे. बास. मला बाकी काही ऐकायचं नाही.’

‘येना नकाशात कुठे आहे माहीत आहे का तुला?’

‘लांब आहे ना? मग झालं.’

ही तीच आई, जी मला स्टुटगार्टबाहेर नोकरी बघू देत नव्हती! लाइबोल्डच्या रागापायी मुलगी लांब गेली तरी चालेल म्हणते. खरं सांगू, बरं वाटलं. या घरात निदान एकीला तरी कणा आहे.

६ मार्च

आज लाइबोल्डकडे एक दिवस काम करून पाहायचं होतं. त्यांनी एक फाइल हातात दिली. वृद्धाश्रमातली एक मदतनीस, उशिरा येते म्हणून काढलेली. बाईंचा मसुदा तिच्या विरोधात होता. मी वाचला. मालकानं दिलेल्या ताकिदींत नेमकं कधी, किती उशीर, काही नाही — नुसतं ‘वारंवार’. म्हटलं, हे टिकत नाही. त्या म्हणाल्या, टिकतं. मी म्हटलं, नाही! त्या म्हणाल्या, दाखवा. मग जे जुंपलं आमचं! पुस्तकं काढली, जुने निकाल काढले, जेवायचं राहिलं, त्यांनी कुठूनशी एक ब्रेत्सेल, इथला खारा पाव, आणली आणि अर्धी मोडून मला दिली, ती उभ्याउभ्याच खाल्ली. शेवटी त्यांनी स्वतःच्या मसुद्याची दोन पानं आडवी फाडली. ‘आल्झो, ठीक. तुमचं बरोबर. लिहा.’

मी लिहिलं. त्या मदतनीस बाईची नोकरी वाचेल बहुतेक.

घरी येताना टेकडीच्या पायऱ्या चढताना मी गुणगुणत होते. गुणगुणत! वर पोहोचल्यावर लक्षात आलं आणि स्वतःचीच शरम वाटली.

आत्ता वाचलं तर आज सगळीकडे ‘त्या’ लिहिलंय. राहू दे, कोण खोडत बसणार!

१२ मार्च

येना — हो. लाइबोल्ड — हो. दोघांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय.

जिंकले!! मग मी नाचत का नाहीये?

१४ मार्च

वल्लरीला शेवटी सगळं सांगितलं. तिनं कानातले इअरफोन काढून ठेवले, म्हणजे गंभीर.

‘थांब. तुला जी नोकरी आवडलीय ती तू नाकारणार. का, तर बाईला अर्धा मिनिट वाईट वाटावं म्हणून. आणि नाही वाटलं तर?’

‘वाटेल.’

‘अगं, सूडच घ्यायचा तर आत बस ना! दोन वर्षं रोज तिच्या चुका काढ. वर त्याचा पगार घे. ती स्वतः मागतेय!’

हे माझ्याही मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू, रोज येतंय. पण मी मला ओळखते. आत बसले की महिन्याभरात मला ती आवडायला लागेल. दोन महिन्यांत मी तिच्यासाठी घरून लाडू नेईन. मी शेवटी बाबांचीच मुलगी, कुणी नीट बोललं की विरघळले! आणि मग बाबांचं काय? ते तसेच राहणार, तिच्यासमोर ‘हो’ म्हणत उभे.

येना कायमची आहे. येना शहाणपणाची आहे. इथलं दोन वर्षांनी संपणार, पुढे अंधार. बघ, सगळं तिकडेच झुकतंय. मग सूड आणि शहाणपण एकाच बाजूला असताना मी इतकी का कुढतेय?

१५ मार्च

कारण मला ती नोकरी हवी आहे. लिहिलं. झालं.

१९ मार्च

आई न सांगता हेसलाखला आली. डब्यात कोथिंबीरवडी. ही बाई एकटी एस-बान बदलून कधी येत नाही!

चपला काढायच्या आधीच, ‘कळवलंस का त्या बाईला नाही म्हणून?’

‘पुढच्या आठवड्यात. जाऊन सांगणार आहे. तोंडावर.’

‘तोंडावर कशाला? मेल टाक.’

‘नाही. तोंडावरच.’

‘अगं, पण कशाला तिच्याशी बोलायला जायचं? काय काय भरवेल ती तुझ्या कानात! वकिली तोंड तिचं. ऐक ना माझं. मेल टाक.’ आणि ढसाढसा रडायलाच लागली, तिथेच, दारात. मी घट्ट धरलं तिला. एवढ्या वर्षांनीही जखम ओली आहे तिची. आणि मी अर्ध्या ब्रेत्सेलवर विरघळले होते!

ठरलं. आता मागे फिरणं नाही.

२५ मार्च

म्हटलं. तोंडावर. नाइन.

जसं घडलं तसं लिहिते. त्यांनी दोन कप कॉफी काढून ठेवली होती. शेजारची खोली रिकामी केली होती, दार उघडं होतं, आत टेबलावर एक दिवा. माझा. मी बसलेच नाही. उभ्यानंच म्हटलं, ‘नाइन, फ्राऊ डॉक्टर लाइबोल्ड. मी ही जागा घेणार नाही.’ आवाज कापला नाही. छान जमलं. बाबांनी पाहायला हवं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला.

‘हे तुमच्या वडिलांसाठी आहे का?’

म्हणजे माहीत होतं! अर्ज आला त्या दिवसापासून! ‘टिपणीस हे नाव मी आयुष्यात एकदाच ऐकलंय,’ म्हणाल्या.

पुढचं त्या हळूहळू बोलल्या. खुल्या कोर्टातलं आहे, सांगायला हरकत नाही, असं आधी म्हणाल्या. ‘तुमचे वडील फार पटकन हो म्हणाले. हो म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, रकमेकडे नाही. मला ते आवडलं नाही. म्हणून मी तडजोडीत दोन आठवड्यांची मुदत घातली. तेवढ्यात कोर्टाला एक ओळ लिहायची, माघार घेतो. तडजोड रद्द, केस पुढे चालू. मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. तुमच्या आईंनाही पुढे बोलावून समजावलं. पुढची तारीखसुद्धा राखून ठेवली होती. रोज टपाल बघत होते. आलं नाही काही.’

‘जिंकले असते ते?’

‘हो. बहुतेक.’

‘मग मुलाखतीत का नाही बोललात?’

‘तुम्ही नोकरीसाठी आलात असं वाटलं मला,’ म्हणाल्या. मग उठल्या, हात पुढे केला. ‘शाडे, वाईट झालं.’ खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. वल्लरी म्हणाली तसं अर्ध्या मिनिटाचं नव्हे.

जिन्यात थांबले. परत वर जावं, म्हणावं — चुकले, हो, येते, उद्यापासून येते! गेले नाही. एकदा नाही म्हटलंय, आता कुठल्या तोंडानं फिरवायचं?

दोन आठवडे. अशी मुदत मी कोर्टातल्या ट्रेनिंगमध्ये ढिगानं पाहिलीय, सर्रास घालतात. घरात मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही. कधीच नाही.

२७ मार्च

फोन केला. बाबांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज.

‘बाबा, माघार घ्यायला मुदत होती?’

‘होती.’

‘मग?’

‘मी घेणार होतो गं. खरंच घेणार होतो. मग म्हटलं राहू दे.’

‘का राहू दे?’

भांडी थांबली. ‘अहो, द्या इकडे,’ आईचा आवाज. आणि मग ती एका दमात, ‘मी नको म्हटलं. मी. पासपोर्टात ते व्हिसाचं स्टिकर होतं तेव्हा आपल्या. परदेशी माणूस, जज्जबाईंनी मिटवलेलं उकरून काढतो म्हटल्यावर उद्या पाठवून दिलं असतं म्हणजे? तुझी शाळा, घर, सगळं... मला काय माहीत गं इथलं!’

कोर्टात केस लढवण्याचा आणि व्हिसाचा काडीचाही संबंध नाही. उलट नोकरी सोडली म्हणूनच व्हिसा लटकला होता! कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. फ्राऊ डॉक्टर लाइबोल्डना विचारलं असतं तरी.

‘आणि तरी पंधरा वर्षं त्या बाईला शिव्या घातल्यास?’

‘मग कुणाला घालू?’ आई म्हणाली.

मागून बाबा आईला म्हणत होते, ‘जाऊ दे गं मीनल, जाऊ दे आता.’ बाबांना माहीत होतं. रोज ऐकत होते, आणि कधी एका शब्दानं म्हणाले नाहीत की अगं, असं नव्हतं. फार तर, बाई सभ्य होत्या.

म्हणून येना. म्हणून मेल टाक. म्हणून ते रडणं.

मी फोन ठेवला.

२९ मार्च

येनालाही ‘नाही’ लिहून पाठवलं. आईच्या भीतीपायी आता कुठे जाणार नाही.

उद्या पाडवा. आईचा मेसेज — चक्का टांगलाय, श्रीखंड करते, येनाला जायच्या आधी पोटभर जेवून जा. जेवायला जाते आहे. येनालाही नाही म्हटलं, हे तोंडावर सांगणार.